फ्रिजखालचा पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. माझा एक कोपरा कातरलेला आहे, पोटावर ‘रद्द’ असा शिक्का आहे आणि पाठीवर फ्रिजच्या पायाचा गोल वण आहे. या वणाची लाज मला वाटायचं कारण नाही. ज्यांनी मला तिथे सरकवलं, त्यांना ती पुढे भरपूर वाटली.

माझा जन्म नाशिकच्या छापखान्यात झाला. निळंशार अंग, सोनेरी अक्षरं, छत्तीस पानं. काय तो थाट! माझ्या मालकाचं नाव अजीज. दाभोळजवळच्या एका गावातल्या हव्वाबीचा हा एकुलता एक मुलगा. मी हातात पडलो तेव्हा त्याने मला आधी आईच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्याच्या फोटोवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “फोटोत हसायचंस तरी!”

मला वाटलं होतं, आता जग बघायचं. कसलं काय! दुबईतल्या जबल अली बंदराजवळच्या एका गोदामात अजीज सुपरवायझर होता आणि तिथल्या ऑफिसात आम्हा सगळ्या पासपोर्टांना एका लोखंडी कपाटात कोंडून ठेवायचे. रजा मंजूर झाली की कपाट उघडायचं. मग मुंबईच्या विमानतळावर एक शिक्का, महिना-दीड महिन्याने परतीचा दुसरा, की पुन्हा कपाट. एका वर्षी अजीजची रजा नामंजूर झाली. एका वर्षी विमानंच बंद होती. त्या दोन्ही वर्षी मी अंधारात पडून राहिलो आणि हव्वाबी गावात वाट बघत राहिली.

मग ती आजारी पडली. अजीजने नोकरी सोडली, हिशेबाचे चाळीस हजार दिरहॅम घेतले, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ नऊ लाख रुपये. ते दुबईच्या खात्यातून गावच्या खात्यात पाठवले आणि तो आईजवळ गेला. तो सप्टेंबर महिना होता. हव्वाबी फेब्रुवारीत गेली. नव्या नोकरीवर हजर व्हायचं म्हणून अजीजने बारा मार्चचं तिकीट काढलं होतं, पण आईचा चाळिसावा तेरा मार्चला येत होता. अजीजने तिकीट बदललं. चाळिसावा केला, कबरीवर जाऊन आला आणि पंधरा तारखेला निघाला. माझ्यावरचा तो शेवटचा शिक्का.

त्याच वर्षी माझी मुदत संपली. नवा पासपोर्ट आला, माझा कोपरा कातरला गेला. शारजातल्या अल मजाजमधल्या घरी अजीजच्या बायकोने, अजराने, मला चार दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग त्यांच्या मुलीने, यम्नाने, मला घेऊन खूप वेळा ‘एअरपोर्ट’ खेळून घेतलं. आणि एक दिवस फ्रिज डुगडुगायला लागला. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

आता अजीजची चूक सांगतो. ही चूक गल्फमधल्या माणसालाच सुचते. त्यांच्याच बिल्डिंगमध्ये वसईचे सेबॅस्टियन राहतात. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात ते अकाउंट्स बघतात आणि दर शनिवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसतात. ड्रायव्हर, नर्स, गोदामातले लोक, ज्यांना भारतातला टॅक्स रिटर्न भरायचा असेल त्यांना ते मदत करतात. फी एकच, एक कडक चहा. त्यांनी अजीजला तीनदा सांगितलं, “अजीजभाई, ते वर्ष तुम्ही जास्त दिवस गावी होतात. एकदा बसून बघू या.”

अजीज हसला. “अरे हबीबी, पगारावर इथे टॅक्सच नाही, तर तिकडे रिटर्न कसला भरायचा? खलास!” पुढे टॅक्सवाल्यांच्या ईमेल यायला लागल्या, त्याही त्याने न उघडता पुसून टाकल्या.

मग गावच्या पत्त्यावर नोटीस आली. चुलतभावाने फोटो काढून पाठवला. नऊ लाख कुठून आले ते सांगा, नाहीतर टॅक्स आणि वर दंड. उत्तराला राहिले होते सहा दिवस. अजीजच्या तोंडचं पाणी पळालं. फ्रिजखालून मला सगळं ऐकू येत होतं. अजरा म्हणत होती, “एवढे पैसे भरायचे तर यम्नाची फी कुठून द्यायची? आम्हाला गावी पाठवणार का तुम्ही?”

शनिवारी तो खाली मान घालून हॉलमध्ये गेला आणि सेबॅस्टियनना वरच घेऊन आला.

“जुना पासपोर्ट काढा,” ते म्हणाले. “नव्यावर त्या वर्षांचं काय असणार? आणि इथल्या विमानतळावरच्या स्मार्ट गेटने तर शिक्केच मारणं सोडलंय.”

अजराने आधी फ्रिजकडे बघितलं, मग जमिनीकडे. “या अल्ला!”

मला बाहेर काढलं तेव्हा माझी मधली दोन पानं ओल लागून चिकटली होती. अजराने केस वाळवायचं मशीन आणलं आणि लांबून ऊब देत एकेक पान सोडवलं. मी जीव मुठीत धरून होतो. एक शिक्का जरी फाटला असता, तरी हव्वाबीजवळचा एक महिना गेला असता. पण सुटली पानं! शिक्के फिकट झाले होते, तारखा वाचता येत होत्या.

सेबॅस्टियननी आधी ते शेवटचं वर्ष मोजलं, टॅक्सचं, एप्रिल ते मार्च. येण्याचा दिवस धरून, जाण्याचाही धरून. “एकशे त्र्याऐंशी,” ते म्हणाले. “एकशे ब्याऐंशी झाले की ते वर्ष तुम्ही भारतातलेच रहिवासी. बारा तारखेला निघाला असतात तर एकशे ऐंशी झाले असते, अजीजभाई. तीन दिवसांनी घात केला.”

“ते तीन दिवस?” अजीजचा आवाज चढला. “अम्माच्या चाळिसाव्याचे? ते मी परत राहीन. दंड भरून राहीन!”

सेबॅस्टियन ओशाळले. मग म्हणाले, “थांबा. अजून एक नियम आहे. त्याच्या आधीच्या सात वर्षांत मिळून भारतात सातशे एकोणतीस दिवसांपेक्षा जास्त राहिला नसाल, तर इथल्या कमाईला तिकडे हात लागत नाही. पैसे आधी दुबईच्या खात्यात आले होते ना? मग यल्ला, मोजू.”

ते तारखा वाचत गेले आणि यम्ना कॅल्क्युलेटरवर बेरीज करत गेली. एकतीस. चव्वेचाळीस. तीस. सेहेचाळीस. बेचाळीस. आणि दोन वर्षं शून्य.

“वन नाइन्टी थ्री!” यम्ना ओरडली.

“एकशे त्र्याण्णव!” सेबॅस्टियननी टेबलावर थाप मारली. “सुटलात! याच्या सगळ्या पानांच्या कॉपी काढा, उत्तर मी लिहून देतो. इन्शाल्ला, काही होणार नाही.”

अजराचा जीव भांड्यात पडला. ती चहा टाकायला उठली. यम्ना मात्र कॅल्क्युलेटरकडेच बघत होती.

“अब्बा, ओन्ली वन नाइन्टी थ्री? इन सेव्हन इयर्स? विथ दादी?”

अजीजने मान हलवली. मला उचलून त्याने छातीशी धरलं आणि लहान मुलासारखा रडला.

आता मी घरच्या कपाटात नव्या पासपोर्टाच्या शेजारी असतो, प्लॅस्टिकच्या पाकिटात. मित्रांनो, जुने कागद फेकू नका, आलेलं पत्र न वाचता पुसू नका आणि मदतीचं टेबल मांडून बसलेल्या माणसाला हसू नका. माझं एवढं ऐकाच. आणि घरापासून लांब राहणारं कुणी तुमचं असेल, तर त्याला माझी एक गोष्ट सांगा. मी रद्द झालो तेव्हा माझी बावीस पानं कोरी होती.