एकाच माहेरच्या दोघी

दुर्गाबाईंनी थोरल्या नवनाथसाठी भावाची लेक पुनम सून करून आणली, तेव्हा मांडवात छाती फुगवून सांगितलं होतं, "परकं न्हाई काई, आमचंच रक्त हाय." आता धाकट्या ज्योतीरामसाठीही त्यांनी पुनमचीच बहीण, मिनल, हेरून ठेवली होती.

पुनमला तिसरा महिना लागलेला. गोळ्या खाऊनही रक्त वाढेना, म्हणून चाकणच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळी तपासणी केली. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईबापाकडून रक्तात येणारा दोष, निघाला. "तुला यानं फारसं काही होत नाही," त्या म्हणाल्या, "पण नवऱ्यातही हेच असलं, तर बाळाला जन्मभर रक्त चढवायची पाळी येऊ शकते. त्याची तपासणी लगेच करा."

संध्याकाळी नवनाथ शिफ्टवरून आला. ऐकून म्हणाला, "मला काय धाड भरलीय? कंपनीत दरवर्षी चेकअप होतंय."

"त्यात हे बघत नाहीत, अहो."

"बघू. या आठवड्यात ओव्हरटाइम आहे."

भाकरी थापता थापता दुर्गाबाई बोलल्या, "गड्याचं रक्त कशापायी काढायचं? खोट असंल ती हिच्या माहेरची."

पुनमचा हात पोटावर होता. ती हळूच म्हणाली, "आत्या, माझं माहेर ते तुमचं बी माहेरच की."

दुर्गाबाईंचे हात पिठात तसेच राहिले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तशी पुनमनंच उठून उलथली. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"तुझ्या बापाच्या पाठीवर एक खंडू होता," त्या म्हणाल्या. "तू न्हाई बघितला. पांढराफटक पोर. पोट तेवढं मोठं. समदे म्हणायचे, नजर लागतीया. मीच मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकायची. शाळेत घालायच्या आधीच गेला."

हाताचं पीठ पदराला पुसून त्या लेकाकडं वळल्या.

"नवनाथ, उद्या सुट्टी टाक."

"आई, सुपरवायझर—"

"त्याला म्हणावं, आई घेऊन चाललीया. मी बी रक्त देती. माझ्यात हाय का न्हाई, ते कळू दे."

दवाखान्यात सुई बघून नवनाथचं तोंड उतरलं. दुर्गाबाईंनी मात्र बांगड्या वर सारून हात पुढं केला. पुढचे दिवस पुनमला घास गोड लागला नाही. आत्या रोज ताटात एक भाकरी जास्त वाढायच्या आणि ती उरली तरी रागवायच्या नाहीत.

रिपोर्ट आले. दुर्गाबाईंमध्ये तेच निघालं. नवनाथमध्ये नव्हतं.

"म्हणजे बाळाला मोठा आजार व्हायचा नाही," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "फार तर तुमच्या दोघींसारखं होईल."

पुनमनं पदराला डोळे पुसले. नवनाथ म्हणाला, "मी म्हणलंच होतं, मला काय नाय."

"तू काय म्हणला व्हतास, ते आमी ऐकलंय," दुर्गाबाई म्हणाल्या.

बाहेर पडताना त्यांनी पुनमचा हात धरला. जिना उतरेपर्यंत सोडला नाही. खाली आल्यावर म्हणाल्या, "तुझ्या बापाला फोन लाव. म्हणावं, मिनलची सुपारी मागनं फोडू. आधी तिला अन् आपल्या ज्योतीरामला हितं आणू."