चौथ्या घरावरची टिकली

मी गिटार बोलतेय. घाबरू नका, घाबरलेली मी आहे.

आमची जातच तशी. सहा तारा मला पुढून ओढतात आणि माझी मान मागे रेटून उभी राहते. ही ओढाताण कधीच थांबत नाही. म्हणून कुणी दार जोरात आपटलं तरी माझ्या पोटात गुंई होतं.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. सरसाचा वास आणि माझं पोट गुळगुळीत घासणारा एक हात, एवढंच. पुढं पुण्याच्या एका मुलानं मला घेतलं. पावसाळ्यात तो मित्रांबरोबर भाजे गावात आला, धबधब्यात भिजला, रेणुकाच्या ओट्यावर पिठलं-भाकरी जेवला आणि मळवलीहून सुटणारी गाडी धरायच्या घाईत मला तिथंच विसरला. रेणुकानं फोन केला तर म्हणाला, "मावशी, ठेवा तुम्हालाच. मला कुठं वेळ होतो वाजवायला!"

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की आपल्याला सहज सोडून देता येतं.

रेणुका चाळिशी ओलांडलेली. दहावी शिकलेली. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना ती घरचं जेवण करून देते. नवरा गोरख तळेगावला कारखान्यात जातो. आणि तिचे सासरे हौशीराम, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते भजनी मंडळाचे गायक. त्यांचा आवाज असा, की देवळात सूर लावला की इथं खुंटीवर माझ्या तारा आपोआप थरथरायच्या.

रेणुका मला एकदा सांगत होती. म्हणजे मला असं नाही, मला पुसता पुसता स्वतःशीच बोलत होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला इथं करमायचं नाही. सकाळी चुलीपुढं रडू यायचं. आबांना ते दिसलं असावं. ते रोज पहाटे गोठ्यात झाडलोट करताना मोठ्यानं गायला लागले. हळूहळू तिचं रडू थांबलं. "आबांच्या आवाजानं मला या घरात बसवलं," ती म्हणाली.

मोबाइलवर बघून बघून ती मला वाजवायला शिकली. कुठं बोट ठेवायचं ते मोबाइलमधला माणूस दाखवायचा, ती ठेवायची. तो थांबला की ती थांबायची. आबा ओट्यावरून चिडवायचे, "सूनबाई, त्या खोक्याला कशापायी बडवतीस? त्यानं काय केलं तुजं?"

पण एका गुरुवारी तेच म्हणाले, "आण तुजं खोकं देवळात. बगू तरी."

देवळात पेटीवर धोंडिबा बसला होता. आबांच्याच वयाचा, जन्माचा सोबती. तो म्हणाला, "काळी चार हाय बरं का, सूनबाई."

तुम्हाला ठाऊक असेल, पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. गाणारा ज्या पट्टीला आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. आबांची पट्टी काळी चार. चांगली उंच. टाळ-मृदंगाच्या गलक्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आबा हातानं खूण करायचे. हात पालथा म्हणजे काळी, उताणा म्हणजे पांढरी, आणि जितकी बोटं तितवी पट्टी.

रेणुकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या चार जाड तारा हवेनं काळवंडलेल्या, दोन बारीक तारा पांढऱ्या. तिनं वरून मोजलं, एक, दोन, तीन, चार, आणि चौथी काळी तार मोठ्या विश्वासानं छेडली.

आणि ती तार पेटीच्या काळी चारच्या अगदी शेजारची निघाली. एका पायरीनं खाली. दूर असती तर बरं झालं असतं. सगळ्यात वाईट कर्कश वाजतं ते शेजारी असूनच. सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

"आगं, ती काळी न्हवं!" धोंडिबा पोट धरून हसला. "हिनं तारांचा रंग मोजला रं!"

आबाही हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी दिलं, पाठीवर थोपटलं. ठसका थांबला, पण आवाज बसला तो बसलाच.

आबांबद्दलची माझी भीती त्या ठसक्यापासून सुरू झाली.

काढे झाले, हळद-दूध झालं. आवाज सुटेना. काळी चारला पोचताना आबांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. मी खुंटीवरून ऐकायचे, पहाटेचं गाणं आता खालच्या पट्टीत उतरलं होतं. काळी तीन. कधी तिथंही सूर फाटायचा. देवळात मात्र त्यांना उतरता येईना. कारण धोंडिबा जन्मभर काळी चारच वाजवत आलेला, दुसऱ्या पट्टीत त्याची बोटं अडखळायची. आबा म्हणाले, "त्यो त्याच्या वयात आता काय शिकंल?" आणि त्यांनी देवळात जाणंच सोडलं.

रेणुका पुण्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. परत आली तेव्हा तिनं चप्पल काढली ती उंबऱ्यावरच उभी राहिली. आबाच बोलले, घोगऱ्या आवाजात, "स्वरयंत्राला गाठ हाय म्हनं. यंत्र काढत्यात. मी काय पेटी हाय व्हय, झाकण उघडून यंत्र काढाय?"

गोरख हसला नाही. कुणीच हसलं नाही.

"काढलं की बोलायचं कसं?" गोरखनं विचारलं.

"बोलायचं न्हाईच," आबा म्हणाले. "एकदा गातो देवळात. मग काय काढायचं ते काढा."

डॉक्टरांनी बजावलं होतं, ताण द्यायचा नाही. म्हणजे आवाज जिथं सहज राहील तिथंच गायचं. पण तो आज कुठं राहील आणि गाताना कुठं घसरेल, हे आबांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी रेणुकानं मला पाठीला लावलं आणि मळवलीहून तळेगावची गाडी धरली.

तिथं एका सोसायटीच्या हॉलमध्ये ओंकार सरांचा क्लास होता. शिकणारे सगळे मोठे, संसारातले. सर म्हणाले, "ताई, गाणं बसवून देतो ना एखादं. थिअरी कशाला? लोक दोन तासांत पळून जातात."

शेजारी पवन नावाचा सुपरवायझर बसला होता. तो म्हणाला, "सर, मी पण थिअरीलाच आलोय. दोन वर्षं वाजवतोय, पण आपल्याच गावात मोबाइलवर नकाशा लावून फिरल्यासारखं वाटतं. तो डावीकडं म्हणाला की डावीकडं. रेंज गेली की रस्त्यात उभा."

सगळे हसले. सरांनी रेणुकाकडं पाहिलं. "आणि तुम्हाला?"

ती मला घट्ट धरून होती. तिच्या तळव्याचा घाम मला लागत होता.

"माझ्या सासऱ्यांचा आवाज खाली उतरतोय," ती म्हणाली. "तो जिथं जाईल तिथं मला जाता आलं पाहिजे. एकच गाणं एकाच जागी पाठ करून उपयोग नाही सर. तो आवाज त्या जागी थांबणारच नाही."

सरांनी खुर्ची पुढं ओढली. "ते गातात कुठल्या पट्टीत?"

त्या दिवशी मला माझ्याबद्दलच नवीन गोष्ट कळली. माझ्या मानेवर धातूच्या आडव्या रेघांनी घरं पाडलेली आहेत, आणि पेटीच्या सगळ्या काळ्या-पांढऱ्या तिथं एका रांगेत उभ्या आहेत, प्रत्येक घरात एक. पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी नाही, हेही कळलं. रेणुकानं तिथंच पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि जिथं काळी येते त्या घरात काळी टिकली लावली. दुसऱ्या घरात काळी तीन. चौथ्या घरात काळी चार.

घरी गोरख म्हणाला, "हिला हळदीकुंकवाला नेणार काय?" पण दुसऱ्या दिवशी एक टिकली पडली तेव्हा त्यानंच ती उचलून जागेवर लावली.

मग रोज दुपारी भांडी आवरली की आमचा अभ्यास. कॅपो नावाचा एक चिमटा असतो. तो ज्या घरावर लावाल तिथून माझी मान सुरू होते. बोटांचा आकार तोच ठेवायचा, चिमटा खाली सरकवायचा, की पट्टी उतरते. चौथ्या घरावरून दुसऱ्यावर. दुसऱ्यावरून चिमटा काढूनच टाकायचा, की पांढरी तीन.

"आणि त्याच्या खाली गेले तर?" रेणुकानं सरांना विचारलं होतं.

"त्याच्या खाली या आकाराला जागाच नाही. तिथं आकार बदलायचा. चिमटा परत चौथ्यावर, पण बोटं दुसऱ्या आकारात. म्हणजे काळी एक. हे पाठ करून जमत नाही ताई, का होतं ते कळावं लागतं."

ते तिला कळेपर्यंत मी तिच्या बोटांचं अडखळणं सोसलं. ती चुकायची, डोळे पुसायची, पुन्हा सुरू करायची. आणि मला सारखं वाटायचं, ऐन वेळी माझीच तार तुटली तर?

तो गुरुवार आला. ऑपरेशनसाठी दवाखान्यात जायच्या आदली संध्याकाळ. देऊळ भरलं होतं. धोंडिबानं पेटी उघडली, आबांकडं पाहिलं. आबांनी हात पालथा करून तीन बोटं दाखवली.

धोंडिबाची बोटं पट्ट्यांवर गेली आणि तिथंच राहिली. त्यानं भाता मिटला, पेटी बाजूला सारली आणि टाळ हातात घेतले. "सूनबाई, तू धर. मला हितनं खाली येता येत न्हाई."

तिनं चिमटा दुसऱ्या घरावर लावला. मी वाजले. आबांनी गौळण सुरू केली.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात सूर एकदम फाटला. आबांनी डोळे मिटूनच हात उताणा केला, तीन बोटं. रेणुकानं चिमटा काढला. मी मोकळी झाले आणि खाली उतरले. आबांचा आवाज येऊन माझ्यावर टेकला. मला त्याचं वजन कळत होतं.

आता माझ्याखाली जागा नव्हती. मी मनात म्हणत होते, आबा, इथंच थांबा. याच्या खाली जाऊ नका.

शेवटच्या कडव्याला आवाज गेलाच. नुसती हवा आली. टाळ थांबले. गोरख खांबापासून दोन पावलं पुढं आला. आबांचा हात हवेत तसाच होता, आणि तो हळूहळू पालथा झाला. एक बोट.

रेणुकानं चिमटा चौथ्या घराच्या टिकलीजवळ लावला. बोटं उचलली, क्षणभर माझ्यावर कुणाचंच बोट नव्हतं. मग ती दुसऱ्या आकारात पडली. नीट पडली. काळी एक.

आणि तिथं, इतक्या खाली, आबांना आवाज सापडला. जाडाभरडा, पण सुरात. त्यांनी गौळण पुरी केली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धोंडिबा उपरण्यानं तोंड पुसत म्हणाला, "आन मी हिला हसलो हुतो."

ऑपरेशन होऊन आबा घरी परतले तेव्हा त्यांच्या गळ्यावर पांढरं फडकं होतं. त्यामागच्या भोकातून श्वास ये-जा करायचा. कुणाला बोलवायचं तर ते टाळी वाजवायचे. घर फार शांत झालं. पाहुण्यांनाही रेणुका हळू बोला म्हणायची.

मला तिनं खुंटीवर टांगलं. पुसायचीही नाही. मला समजत होतं. माझा आवाज आबांना लागेल याची तिला भीती, आणि मला पण तीच. ज्याचा आवाज गेला त्याच्या घरात आवाजाच्या वस्तूनं राहावं तरी कसं? मला वाटलं, एखाद्या दिवशी कुणीतरी पाहुणा येईल आणि ती म्हणेल, घेऊन जा तुम्हालाच.

मग एका दुपारी ओट्यावरून टाळी ऐकू आली. रेणुका पाणी घेऊन धावली. आबांनी पाणी नको म्हणून मान हलवली. खुंटीकडं बोट केलं. मग हात पालथा केला. चार बोटं.

"आबा, काळी चार?" तिनं पाणी खाली ठेवलं. "ती तर तुमची आधीची पट्टी."

त्यांनी मान डोलावली. पुन्हा चार बोटं, या वेळी जरा रागानं, ऐकू येत नाही का, अशी.

तिनं मला खाली काढलं. धूळ पुसली. चिमटा चौथ्या घरावर लावला आणि वाजवलं. आबांनी उजवा तळवा माझ्या पोटावर टेकला. त्यांचे ओठ हलत होते. गळ्यावरचं फडकं श्वासाबरोबर हलत होतं, आणि ते अगदी तालात हलत होतं. गाठ धरायच्या आधीच्या पट्टीत आबा गात होते. ऐकू फक्त मला येत होतं, त्यांच्या तळव्यातून.

आता रोज दुपारी असंच असतं. माझी भीती गेलेली नाही. पुढची तपासणी अजून व्हायची आहे, आणि दवाखान्याचा फोन वाजला की रेणुकाचा हात माझ्यावरच थांबतो. माझ्या तारा गंजायला लागल्यात, मान थोडी वाकली आहे. त्याचं काही नाही.

माझं मागणं एवढंच आहे. चौथ्या घरावरची टिकली घामानं सुटत आली आहे. रेणुका आता तिच्याकडं न बघताही वाजवते. पण वाजवणं सुरू व्हायच्या आधी आबा रोज ती टिकली शोधतात. तुमच्यापैकी कुणी ओट्यावर जेवायला आलात, तर बोटानं ती जरा दाबून बसवा.