कवितेतली दोघं

कंगवा तिसऱ्यांदा त्याच ठिकाणी अडकला, तेव्हा त्याने केसांची बट मुठीत धरली आणि खालच्या टोकापासून हळूहळू सोडवायला घेतली.

"दुखतंय?"

"नाही. चालू दे."

ती खुर्चीत पाठमोरी बसली होती. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. ती कामाला जायची त्या शिवणकामाच्या कारखान्यात जिन्यावरून पाय घसरला होता. इतके दिवस तिची वहिनी येऊन वेणी घालून द्यायची. आज सकाळी ती आपल्या घरी परतली. जाताना दारातून म्हणाली होती, शब्द गुंफून झाले असतील तर भावोजींनी आता जरा केसही गुंफावेत. तिघेही हसले होते, पण बायकोचं हसू सगळ्यांत आधी संपलं.

तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि उरलेल्या वेळात कविता लिहायचा. वाचनालयात काल त्याचं काव्यवाचन झालं. नंतर बायका तिच्याभोवती जमल्या, असं कुणी आपल्यावर लिहिलं तर जन्माचं सार्थक होईल म्हणाल्या. तो स्टेजवरून उतरून आला तर तिचे डोळे भरलेले. हात ठणकतोय, एवढंच ती म्हणाली होती.

"काल खरंच हात दुखत होता?" त्याने आता विचारलं.

ती म्हणाली, "त्या कवितेतली बाई कोण रे?"

"कोण म्हणजे? तूच."

"मग तिच्याशी जे बोललास, ते माझ्याशी एकदाही का बोलला नाहीस?"

तो गडबडला. तिला समजावून सांगू लागला, की कविता पूर्ण झाली की आपल्याला बोलून झाल्यासारखंच वाटतं. अगदी पोटभर. कुणाच्या कुशीत शिरून जे मिळतं म्हणतात, ते सगळं त्या कागदावर मिळतं, मग पुन्हा तेच तोंडाने काय सांगायचं? सांगता सांगता आपण भलतंच काही बोलतोय असं वाटून तो मध्येच थांबला.

"तुझं पोट भरतं," ती शांतपणे म्हणाली. "ताटावर दोघं बसलोय, हे विसरतोस."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्याने कंगवा खिडकीत ठेवला, समोर येऊन उकिडवा बसला आणि बोलायचं ठरवलं. तोंड उघडलं. जे आलं ते ऐकून ती किंचित हसली.

"ही ओळ आहे. छापून आलेली."

त्याने पुन्हा प्रयत्न केला. ती वाट पाहत राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती.

"तू पडल्याचा फोन आला," तो शेवटी म्हणाला, "तेव्हा हातातलं भिंग तसंच टाकून धावलो. खरंच. आणि टॅक्सीत बसलो, तर ओळ सुचली. हाड तुझं मोडलं, आणि आवाज माझ्यात झाला. इतकी नेमकी आली, की क्षणभर... बरं वाटलं मला. तू तिथे कळवळत होतीस, आणि मला बरं वाटलं."

हे ऐकून ती उठून जाईल असं त्याला वाटलं. ती प्लास्टरच्या कडेवरचा सुटलेला धागा ओढत बसली.

"चांगली आहे," ती म्हणाली.

"काय?"

"ओळ." मग त्याच्याकडे न पाहता ती म्हणाली, "काल मी का रडले, सांगू? तू वाचत होतास ना, तेव्हा मला त्या माणसाची इतकी ओढ लागली. वाटलं, उठावं आणि त्याच्याबरोबर निघून जावं. मग कार्यक्रम संपला, आणि चप्पल शोधत तू आलास."

ज्याचा हेवा वाटावा असा माणूस आपणच होतो, आणि नव्हतोही. तो उठला, तिच्या मागे गेला, केसांचे तीन भाग केले. वेणी सैलच पडली. पुन्हा सोडली.

"कालची म्हण ना," ती म्हणाली.

"आत्ता?"

"हं."

त्याने घसा साफ केला आणि वाचनालयात म्हटली होती तशी नाही, हळू आवाजात म्हणायला लागला. "तू झोपलीस, की घर वजनाला हलकं होतं, आणि मी ते उचलून खिडकीकडे..."

"उजेडाकडे," तिने चूक सुधारली. तिचे डोळे मिटलेले होते.

त्याची बोटं केसांत तशीच राहिली. तिने डोकं मागे टेकवलं, त्याच्या पोटावर. इतकं अलगद, की ते नेमकं कुणावर टेकलंय हे त्याला विचारावंसं वाटलं. पण पुढची ओळ ओठांवर आली होती, आणि ती वाट पाहत होती.