पहिला घास

खड्डा आला की टाक उडे आणि गळ्याच्या हाडावर येऊन आपटे... रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेलं बाईचं तोंड, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, नाकाची एक उभी रेघ आणि कपाळावर बारीकसा खळगा — त्या खळग्यात रतनबाई रोज सकाळी करंगळीनं कुंकू भरायची, आधी तिथं आणि मग स्वतःला. वारलेल्या सवतीचा मान पहिला. लग्नात मंगळसूत्राच्याही आधी हा टाक तिच्या गळ्यात पडला होता आणि सासू छबूबाई म्हणाली होती, "पटकीनं गेली बिचारी म्हायेरात. चांगुणा नाव तिचं. तिला इसरू नगं, न्हाईतर तुझी कूस उजवायची न्हाई."

विसरले कुठं मी? तरी नाहीच उजवली.

म्हणून तर ही गाडी निघाली होती — नेपाळला, काठमांडूच्या पशुपतीला, महाशिवरात्रीच्या आत. परमुलखात जायचं तर आधी कुलदेवीला सांगून जावं म्हणून राशीनला ओटी भरली होती आणि आता नगरच्या वाटेनं उत्तरेकडे तोंड झालं होतं. तिचा नवरा रंगनाथ दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता. कालव्याच्या उसानं त्याला ही ॲम्बॅसिडर दिली होती आणि गेले दोन महिने तो भेटेल त्याला सांगत होता : आपली गाडी, आपला हात, पार दुसऱ्या देशात! "मान्साला तिथं कुनी इचारत न्हाई," असंही सांगायचा, "गाडीची मातर नोंद करावी लागती. गाडी परत आनावीच लागती. बायकू तिथं ऱ्हायली तरी चालतंय." लोक हसायचे. रतनही हसायची, न हसून कुणाला सांगणार? निघताना छबूबाईनं गाडीच्या चाकांवर पाणी घातलं आणि चाकांकडेच बघत म्हणाली, "पशुपतीनं बी ऐकलं न्हाई, तर मंग मी म्हनंल तसं करायचं." ती काय म्हणेल ते सगळ्यांना ठाऊक होतं. नेवाशाकडची एक पोरगी बघून ठेवली होती.

टाक पुन्हा आपटला. रतननं तो मुठीत धरला. ताई, सांभाळ गं... त्या मळ्यातल्या एकट्या घरात बोलायला दुसरं होतं कोण? सासूचे टोमणे, नवऱ्याचं रात्रीचं मुकाट्यानं कूस बदलणं, दर महिन्याला आशेचं पाणी होऊन वाहून जाणं, सगळं तिनं या दोन ठिपक्यांना सांगितलं होतं. गावात गेली की बायका टाकाकडे बघून गप्प व्हायच्या, पदर तोंडाशी धरायच्या. किती जीव असेल बायकांचा तिच्यावर, असं रतनला वाटायचं आणि तिचाही जीव आणखी जडायचा. मेलेल्या माणसासारखं जिवाभावाचं माणूस नाही — काही मागत नाही, काही नेत नाही...

मिरजगावच्या अलीकडे रस्ता दगडांनी भरला होता. दुष्काळी काम. बायकांची लांबच लांब ओळ खडी फोडत बसलेली, उन्हानं काळ्या पडलेल्या, घण वर जायचे आणि खाली यायचे. रंगनाथनं हॉर्न दाबला. मुकादम काठी हलवत ओरडला, "ए चांगुणे, सार ती दगडं! गाडी हाय."

चांगुणा नावाच्या बायका काय थोड्या असतात? रतननं सहज रंगनाथकडे पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. हॉर्नवरची त्याची बोटं तिथंच राहिली होती. नजर मीटरवर होती, गाडी तर जागच्या जागी उभी.

एक बाई उठली. दगड उचलायला वाकताना तिनं गाडीत बघितलं आणि हातातला दगड खाली ठेवून आधी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला. मुकादमापुढे कुणी पदर ओढला नव्हता. असा पदर बाई एकाच घरच्या, सासरच्या माणसांपुढे ओढते... आणि पदराखाली कुंकू होतं. चांगलं मोठं, ठसठशीत. कुणाच्या नावाचं? माझ्या शेजारी बसलाय त्याच्या! ज्याच्या नावाचं मी लावते त्याच्याच! म्हणजे ते बायकांचं गप्प होणं — सगळ्या गावाला माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना.

"इंजिन तापलंय," रंगनाथ म्हणाला आणि उतरून त्यानं बॉनेट उघडलं. बॉनेट वर गेलं आणि तो त्याच्यामागं नाहीसा झाला.

बाई रतनच्या खिडकीशी आली.

"पानी हाय का वाईच?"

पलीकडे रंगनाथ डबा उपडा करून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. त्याचा घळघळ आवाज दोघींनाही ऐकू येत होता. रतननं तांब्या उचलला. बाई ओंजळीनं प्याली, ओले हात तोंडावरून फिरवले, मग टाकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कुनाचा गं?"

ठाऊक नाही म्हणता आलं असतं. गळ्यातून काढून तिच्या हातात देता आलं असतं. ताई म्हणता आलं असतं, रोजच तर म्हणत होते.

"सवतीचा," रतन म्हणाली. "वारली ती. लई वर्सं झाली."

बाईनं मान हलवली. चिडली नाही, रडली नाही.

"सोनाराला तोंड न्हाई जमलं," ती म्हणाली. आणि मग, "खायाला घालतीस का तिला?"

"रोज. माज्या आदी."

"पोचत न्हाई त्ये," बाई म्हणाली आणि दगड सारायला गेली.

गाडी निघाली. मिरजगाव मागं पडल्यावर रंगनाथनं विचारलं, "काय म्हनत हुती?"

"पानी मागत हुती."

"सवय लागलीय मान्सांना मागायची," तो म्हणाला आणि सुटल्यासारखा मोकळा होऊन बोलायला लागला — धुळं, इंदूर, पुढं रक्सौल, तिथं गाडीची नोंद, मग घाट, मग काठमांडू. रतन ऐकत होती की नव्हती... दगडांमागं बसलेल्या त्या बाईचाही कधी असाच नवस झाला असेल. बैलगाडीतून नेली असेल तिला, जवळच्याच कुठल्या देवाला, आणि तोही पावला नाही म्हणून टाकली असेल. तेव्हा मोटार नव्हती. म्हणजे फरक तो एवढाच, मला जरा लांब नेतायत.

निंबाखाली गाडी थांबली. तिनं फडकं सोडलं, भाकरी मोडली. पहिला घास घेऊन हात सवयीनं गळ्यातल्या टाकाकडे निघाला आणि मध्येच थांबला.

रंगनाथ बघत होता. इतक्या वर्षांत त्यानं या घासाकडे कधी पाहिलं नव्हतं. आज चावायचा थांबून बघत होता. त्याला कळलं होतं की मला कळलंय. टाक काढून त्याच्या पुढ्यात फेकायचा, बस, एवढंच! मग गाडी इथूनच नेवाशाकडे वळेल. आणि ती जिवंत झाली तर मी कोण? माहेरी, भाऊ सहादेवाच्या गावातही सडकेचं काम निघालंय, खडी फोडायला तिथंही बायका लागतातच...

तिनं घास टाकाच्या तोंडाला लावला. नीट दाबून लावला. ओठ सवयीनं हलले, पण आत उमटलं ते ताई नव्हतं. मेलेलीच राहा, असं उमटलं. इतक्या मनापासून तिनं तिच्याकडे मूलसुद्धा मागितलं नव्हतं.

रंगनाथ पुन्हा चावायला लागला. "ठेचा दे," म्हणाला.

ठेचा वाढताना तिनं टाकाकडे पाहिलं. कुंकू घामानं पुसून गेलं होतं. दोन ठिपके, एक रेघ. जमलं नाही कसं म्हणायचं? कुणाचंही तोंड असू शकलं असतं ते, जरा मान कलती केली तर तिचं स्वतःचंही. नेवाशाच्या त्या पोरीचं नाव काय असेल? ती माझ्या टाकाला नुसता कोरडाच घास लावेल की भाकरीला तूप लावून... रतनला एकदम वाटलं की तूप लावणारी असावी, आणि लगेच त्या वाटण्याचीच शिसारी आली.

टाकाला लावलेला घास तिनं तोंडात टाकला आणि दुसरा मोडला. भूक मात्र चांगली लागली होती.