आदिनाथरावानं चहा मागितला

आदिनाथराव आमच्या दारात आला, ओट्यावर टेकला आन् म्हनला, "लिडियाताई, घोटभर चहा ठेवा." माझ्या हातातलं सूप पडता पडता राहिलं. कोल्हारात माझी उभी हयात गेली, त्याच्या रानात मी खुरपलं, पन त्या घरच्या मानसानं आमच्या घरचं पानी कधी तोंडाला लावलं न्हाई. आन् ताई? आजवर मी 'ए लिडे' हुते. चहा ठेवला खरा, पन मनात म्हनलं, बाई गं, ह्यात काय तरी काळंबेरं हाय.

चहा पिऊन त्यानं सांगितलं. सरकार म्हने औषधाच्या भांगेची शेती करायला परवाने देतंय. आन् पयला मान कुनाला? तर गांजाच्या केसमधी जे तुरुंगात गेले त्यांना, न्हाईतर त्यांच्या मागं राहिलेल्या घरच्यांना. लई सोसलं म्हून.

"याकोबच्या नावानं तुमाला मिळतोय बघा. फकस्त सायबाफुडं म्हनायचं, व्हय, माझ्या मालकानंच गांजा लावला हुता, आमाला लागवडीची म्हाईती हाय. बाकी रान माझं, खर्च माझा. तुमी बसून खायचं."

माझ्या अंगाचा भडका उडाला. याकोब माझा नवरा. ह्याच आदिनाथरावाच्या उसाला पानी धरायचा. उसात गांजा सापडला तवा पोलिसांनी पानी धरनाऱ्याला उचललं, आन् रानाचा मालक 'मला काय ठावं' म्हनून मोकळा झाला. याकोब शिक्षा भोगून आला, तर आमच्या चर्चच्या पाळकसायबांनी आन् पंचांनी त्याचं प्रभुभोजन बंद केलं. आमी समदे भाकर आन् द्राक्षारस घ्यायला फुडं जायचो, तो मागं, चपला काढायच्या जागी उभा. "मी लावला न्हाई," एवढंच म्हनत म्हनत गेला बिचारा. आन् आता मी म्हनू, त्यानंच लावला?

"इचार करते," मी म्हनलं. ह्याच्या पोटात काय हाय ते मला बघायचं हुतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरनं गव्हाचं पोतं आलं. मी त्याचं तोंड सोडलं न्हाई. पोरगी क्रिस्टीना म्हनली, "आये, कर की. बाबा गेला, त्याला आता काय फरक पडतोय?" मी तिच्याशी बोलनंच टाकलं.

चौकशीला सायेब आला तवा चावडीत सगळा गाव जमला. पाळकसायब आन् पंच मागच्या खुर्च्यांवर. सायबानं आधीच सांगितलं, "खरं बोला. जुन्या गोष्टीसाठी कुणाला धरणार नाही. ज्याला लागवडीचा अनुभव, त्याला झुकतं माप." मग माझ्याकडं वळला. "आजी, तुमच्या मालकांनी गांजा लावला होता?"

"न्हाई."

आदिनाथराव डोळे वटारून बघायला लागला.

"मग कोणी लावला?"

"मला काय इचारता? रान ज्याचं त्याला इचारा."

परवाना हातचा चालला म्हनल्यावर आदिनाथरावाला दम कुठला! ताडकन उठला. "सायेब, ह्या अडानी बाईला काय कळतंय? रान माझं, बी माझं. उसाच्या आत मीच लावला हुता. याकोबला पत्ता बी न्हवता. अनुभव माझा हाय, परवाना माझ्या नावानं करा."

मी फुडच्या खुर्चीची पाठ धरली.

"आदिनाथराव," मी म्हनलं, "जरा मोठ्यानं बोला. मागं पंचांना ऐकू गेलं नसंल."

त्याला वाटलं, मी त्याचीच बाजू घेतेय. येड्यानं समदं परत सांगितलं, पार मागल्या भिंतीपर्यंत जाईल असं.

सायबानं कागद चाळले. "पण तुमच्यावर केस दिसत नाही. तुरुंगात तुम्ही कधी होता?"



"ते न्हाई गेले, सायेब," मी म्हनलं. "त्यांच्या वाटचा माझा मानूस गेला."

आन् मला रडू फुटलं. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वळून बघितलं, तर पाळकसायब उभे राहिले हुते, आन् त्यांच्या मागं एकेक पंच.