ग्रिझेलचं सरपण

"माझ्या ढेपा वल्ल्या, ह्या वॉटीच्या वल्ल्या, पाद्रीबाबाच्याबी वल्ल्या. मग ह्या म्हातारीच्याच वाळल्या कशा?" आर्चीनं भर चर्चच्या दारात विचारलं, आणि ग्रिझेल चेटकीण असल्याचं गावाला एकदम पटलं.

दलदलीतून मातीच्या ढेपा कापायच्या, उन्हात वाळवायच्या आणि हिवाळाभर जाळायच्या, एवढंच आमचं सरपण. त्या वर्षी ऊन फिरकलंच नाही. ग्रिझेलचं खोपट टेकाडावर, चहूबाजूंनी वारा खाणारं. वाऱ्यानं काय केलं ते सगळ्यांना कळत होतं. पण वाऱ्याला आरोपी करता येत नाही.

"रोज उलथत बसले रं एकेक," ग्रिझेल म्हणाली. "तुमी दारू ढोसत हुता तवा."

"एकटीच? मग बोलत कुनासंगं हुतीस?" आर्चीनं विचारलं.

"ढेपांसंगं."

हा कबुलीजबाब धरला गेला.

तिला चर्चच्या घंटाघरात कोंडलं. एडिंबरोहून न्यायाधीश आणि जल्लाद निघाले. तिला जाळायला कोरडं सरपण हवं, आणि गावात कोरडं होतं ते फक्त तिचंच. आर्ची चर्चचा पंच. त्यानं तिच्या ढेपा चर्चच्या कोठारात भरल्या आणि पाळीपाळीनं राखण लावली. राखणीला नको म्हणेल तो तिच्या गोटातला, आणि फार पुढं पुढं करेल तोही तिच्याच गोटातला, असं ठरल्यामुळं सगळे सारखेच रेंगाळत तयार झाले.

मग थंडी पडली.

"वॉटी, तुज्या धुराड्यातनं धूर लई पातळ निघतोय," आर्ची एकदा म्हणाला. "वल्ल्या ढेपंचा असा नसतोय."

"म्याबी तुमच्याच धुराड्याकडं बघत हुतो, पंच."

दोघांनी मिळून आभाळाकडं पाहिलं. हवा बरी होती.

न्यायाधीश आले. खटला जेवणाआधीच आटोपला. शिक्षा जाळण्याची. कोठार उघडलं तर आत एक फुटकी टोपली आणि एक उंदीर.

"सैतानानं नेलं," आर्ची म्हणाला. गावानं माना डोलावल्या.

न्यायाधीशांनी धुराड्यांवरून सावकाश नजर फिरवली. पुढच्या गावात अशाच कोंडलेल्या काही बायका आणि एक लोहार त्यांची वाट पाहत होते. "सरपण नाही, म्हणजे पुरावाही अपुरा," असं म्हणून ते घोड्यावर बसले.

ग्रिझेल सुटली. खोपटात राखेशिवाय काही नव्हतं. दिवेलागणीला तिनं आर्चीचं दार ढकललं आणि सरळ आगीपुढं येऊन बसली.

"आगं बया!" आर्चीची बायको युफेम किंचाळली. "आवो, बघताय काय? भाईर काढा हिला!"

आर्ची उठला. ग्रिझेलनं हात पुढं करून शेकले, उलटे, सुलटे.

"आर्ची," ती म्हणाली, "ऊब वळखीची वाटती रं."

बाहेर रस्त्यावरून वॉटी चालला होता. दार उघडंच होतं. आर्चीनं ते हळूच लावून घेतलं.

"युफेम," तो म्हणाला, "मावशीला पेज वाढ. गरम."