बाजूला काढलेली पिशवी

विश्वनाथांच्या बायपाससाठी घरच्या दोघांनी रक्त द्यावं, असं गुरुग्रामच्या हॉस्पिटलने सांगितलं, तेव्हा त्यांच्या मुलाने, परीक्षितने, आशयला बरोबर नेलं. दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये दोघं कित्येक वर्षं एकत्र राहत होते. घरच्यांच्या लेखी आशय रूममेट होता.

रक्तपेढीतल्या डॉक्टरबाईंनी इतर प्रश्नांबरोबर हेही हिंदीत विचारलं, की पुरुषाशी संबंध आहेत का. परीक्षित नाही म्हणाला आणि रक्त द्यायला कॉटवर जाऊन आडवा झाला. आशय हो म्हणाला. जोडीदार एकच आहे, नुकतीच केलेली एचआयव्हीची टेस्ट निगेटिव्ह आहे, हेही त्याने सांगितलं. बाई म्हणाल्या, तरीही नियमाने अशांचं रक्त घेता येत नाही.

बाहेर सुनीती, परीक्षितची आई, बसली होती. आशयला परत का पाठवलं, असं तिने विचारलं. परीक्षित घाईने म्हणाला, सुई बघून त्याला चक्कर आली.

आईने मुलाच्या दंडावरून हात फिरवला. ‘‘शेवटी पोटचा मुलगाच कामाला येतो,’’ ती म्हणाली.

आशय खाली जाऊन तिच्यासाठी चहा घेऊन आला. कप देतानाचा त्याचा चेहरा परीक्षितला बघवेना. तो उठून पुन्हा आत गेला आणि आपण खोटं बोललो, असं त्याने बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त त्याच्या रक्ताची पिशवी बाजूला काढली. ते पाहताना आपल्या अंगातच काहीतरी घाण आहे असं वाटून त्याचे कान तापले.

‘‘आई, आशयला चक्कर आली नव्हती,’’ बाहेर येऊन तो म्हणाला. ‘‘त्याने आमच्याबद्दल खरं सांगितलं, म्हणून नाही घेतलं. माझंही आता चालणार नाही.’’

सुनीतीला समजायला वेळ लागला. ‘‘तुम्हाला काही झालंय का?’’

‘‘नाही. दोघांच्याही टेस्ट नीट आहेत.’’

ती उठली आणि तिने जावयाला फोन लावला. परीक्षितला ताप आहे, तू रक्त द्यायला एका मित्राला घेऊन ये, असं तिने सांगितलं. परीक्षित शेजारी उभा राहून ऐकत होता.

ऑपरेशन नीट पार पडलं. परतताना मेट्रोत आशय म्हणाला, ‘‘सांगितलंस ते बरं केलंस. पण आधी मला भित्रा ठरवलंस.’’

परीक्षितने मान खाली घातली.